एकट्याची इमारत

आर्किटेक्ट धारवाडकरांना श्रेय वाटून घेणं ठाऊकच नव्हतं. नव्या इस्पितळाचं संगणकावरचं मॉडेल सगळं ऑफिस एकाच सामायिक फाईलवर करत होतं आणि कोणता भाग कोणाकडे, ते त्यात दिसायचं. ट्रस्टींना दाखवायच्या आदल्या दिवशी ते गरजले, “हे सामायिक प्रकरण काढून टाका. इमारत माझ्या एकट्याची दिसली पाहिजे!”

“सर, मग कोणी काय केलं ते कळणार नाही,” त्यांच्या हाताखालच्या हेमांगीने बजावलं.

“नकोच कळायला!”

तिने ते काढलं.

दुसऱ्या दिवशी एक ट्रस्टी म्हणाले, “अहो, या जिन्यावर माणसाचं डोकं तुळईला आपटेल!”

धारवाडकर सगळ्यांदेखत खेकसले, “कोणी केलाय हा जिना?”

हेमांगीने मान खाली घातली नाही. “सर, कालपासून इमारत तुमच्या एकट्याची आहे. जिन्यासकट.”