अमुकच्या पाटावर कोण?

एकदा काय झालं, एका डोंगराला जांभई आली.

हसू नका. डोंगरालाही येते जांभई, फार वर्षांनी एकदा येते इतकंच. या डोंगराचं नाव घुम्या. त्याच्या पायथ्याशी निळंबी नावाचं गाव होतं आणि तिथे हंसावती राणी राज्य करायची. तिला एकच मुलगी, पोवळी. पुढचे दोन दात पडलेली, आणि पायाला भिंगरी. त्या दिवशी ती कोकरामागे पळत पळत घुम्यापाशी गेली. नेमका तेव्हाच घुम्यानं आ वासला. कोकरू आत गेलं, पोवळी आत गेली, आणि डोंगरानं तोंड मिटलं.

राहिली फक्त एक फट. हात जाईल, डोकं जाणार नाही, एवढी.

राणी अनवाणी धावत आली. फटीतून पोवळीचा हात बाहेर आला, तो तिनं घट्ट धरला.

"आई, इथे काळोख आहे. पण कोकरू ऊबदार आहे गं."

"धीर धर, बाळा. तुला घेतल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

मग घुम्या बोलला. त्याचा आवाज जमिनीतून आला, बरं का, आणि सगळ्यांच्या तळपायांना मुंग्या आल्या.

"नगाऱ्यावर ठोके द्या. अमुकची तिप्पट करा, त्यात तमुक मिळवा. तेवढेच ठोके. बरोबर दिलेत तर उघडेन. चुकलात तर फट आवळेन. तीनदाच ऐकेन."

हे ऐकून गाव घाबरलं असेल ना? छे! गाव चक्क हसलं. प्रधानानं तर टाळी वाजवली.

"काळजी सोडा, महाराणी! सतरा! पणजोबांच्या काळी घुम्याला जांभई आली होती, तेव्हा सतरा ठोक्यांनीच तो उघडला होता. म्हणून तर आपण सतराला मानतो!"

मानतो म्हणजे काय, निळंबीत सगळंच सतरा. देवळाला पायऱ्या सतरा. नवरीच्या हातात बांगड्या सतरा. शिंक आली तर लोक 'सतरा, सतरा' म्हणायचे. पण सतराच का, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

मग नगारा आणला. धडाम, धडाम, सतरा ठोके दिले.

घुम्या गुरगुरला. फट आवळली. राणीच्या हातात पोवळीची फक्त बोटं उरली.

तेव्हा राणीचे डोळे लाल झाले. ती उठली आणि तिनं थेट डोंगरालाच विचारलं, "अमुक म्हणजे काय रे?"

"विचारलंस बाई एकदाचं," घुम्या म्हणाला. "अमुक म्हणजे तुझ्या गावात आज पेटलेल्या चुली. तमुक म्हणजे आज हलणारे पाळणे."

राणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे पणजोबांच्या वेळी चुली असणार पाच. पाचाची तिप्पट पंधरा. पाळणे दोन. झाले सतरा! अहो प्रधानजी, सतरा हे त्या दिवसाचं उत्तर होतं. आजचं नव्हे!"

"पण महाराणी, अमुक म्हणजे पाच, असं आमचे वडील सांगायचे."

"अमुक म्हणजे मांडून ठेवलेला रिकामा पाट, प्रधानजी! जो जेवायला येईल तो त्यावर बसेल. गेल्या दिवाळीला मामा बसला होता, म्हणून यंदा भाचा आला तरी त्याला उठवून मामाचंच ताट वाढणार का? जा, आजच्या चुली मोजून या. आजचे पाळणे मोजून या."

मग प्रधान वेशीच्या बुरुजावर चढला. तिथून धूर बघितला, अंगाई ऐकली आणि उतरून आला. "चुली वीस. पाळणे चार."

विसाची तिप्पट साठ, साठ आणि चार चौसष्ट. दिले चौसष्ट ठोके.

घुम्या पुन्हा गुरगुरला. फट इतकी आवळली, इतकी आवळली, की आता एक करंगळीच काय ती बाहेर राहिली. आतून रडू ऐकू आलं. आता उरली एकच खेप, बरं का. ती चुकली की पोवळी कायमची आत.

गावातल्या बायका पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. राणी रडली नाही. तिनं त्या करंगळीची पापी घेतली आणि मान वर केली. ओढ्यापलीकडून धूर येत होता. भाकरी भाजल्याचा वास येत होता.

"प्रधानजी, तो धूर कुणाचा?"

"तो होय? तो वेशीबाहेरच्यांचा. कैकाडी, कोल्हाटी, असेच कुणीकुणी. त्यांना आपण मोजत नाही, महाराणी."

"त्यांनी विणलेल्या टोपल्या वापरता ना? त्यांचे खेळ बघून टाळ्या पिटता ना? मग मोजायच्या वेळी त्यांच्या चुलीचा धूर डोळ्यांत जातो का तुमच्या?" राणी इतकी कडाडली, की बुरुजावरची कबुतरं उडाली. आणि ती स्वतः निघाली. लुगडं खोचलं, ओढा ओलांडला.

पलीकडे आपल्या कापडी पालापुढे, राजवाड्याला टोपल्या देणारी झुंबरबाई टोपली विणत बसली होती. राणीला बघून ती उठली, पण हातातली काडी तिनं खाली ठेवली नाही.

"या बाईसाहेब. आज कशी वाट चुकलात?"

"वाट आजच सापडली, झुंबरबाई. माझी पोर डोंगरात अडकलीय. मला तुमच्या चुली मोजायच्यात."

"लेकरू अडकलं नसतं तर मोजल्या असत्या का?"

राणी म्हणाली, "नसत्या मोजल्या. चुकलंच माझं."

झुंबरबाईनं काडी खाली ठेवली. "चला. मी दाखवते. एकेका पालात वाकून बघा, लांबून बघू नका. एक चूल दगडामागे आहे आणि एक पाळणा झाडाला टांगलाय."

मग दोघी पालापालांतून वाकत वाकत फिरल्या. चुली निघाल्या अकरा. पाळणे निघाले पाच. आता सगळ्या मिळून चुली एकतीस, पाळणे नऊ.

दोघी घुम्यापाशी परतल्या, तसा प्रधान लगेच पुढे. "एकतीस आणि नऊ चाळीस, चाळिसाची तिप्पट एकशे वीस! वा, काय गोल आकडा आहे!"

"गोल असू दे नाहीतर चौकोनी," राणी म्हणाली. "घुम्यानं तिप्पट फक्त चुलींची सांगितलीय. पाळणे नंतर मिळवायचे. एकतीस त्रिक त्र्याण्णव, आणि नऊ. एकशे दोन."

तिनं नगाऱ्याचं टिपरू स्वतःच्या हातात घेतलं. हात वर उचलला. आणि तसाच थांबला.

सगळे बघत राहिले. राणी मागे वळून स्वतःच्या राजवाड्याकडे बघत होती. राजवाड्यावर धूर नव्हता. कसा असेल? पोवळी गेल्यापासून आत कुणी चूल पेटवलीच नव्हती.

"एक चूल कमी करा," ती म्हणाली. "माझी."

"राजवाड्याची चूल वगळायची?" प्रधान किंचाळला. "गावातली पहिली चूल ती! आम्ही तिथूनच मोजायला सुरुवात केली!"

"बघून मोजलीत की सवयीनं?"

प्रधानानं आता कुठे राजवाड्याच्या धुराड्याकडे बघितलं.

"विझलेली ती विझलेली. राणीची असली म्हणून पेटत नाही. चुली तीस. तिसाची तिप्पट नव्वद, नव्वद आणि नऊ नव्व्याण्णव."

आणि मग राणीनं ठोके द्यायला सुरुवात केली. खांदा भरून आला, तळहाताला फोड आले, तरी ती थांबली नाही. झुंबरबाई मोठ्यानं मोजत होती. हळूहळू सगळं गाव तिच्याबरोबर मोजायला लागलं, अलीकडचं आणि पलीकडचंही. सत्त्याण्णव! अठ्ठ्याण्णव! नव्व्याण्णव!

टिपरू खाली पडलं. सगळं शांत.

मग घुम्यानं हळूच, अगदी हळूच, आ वासला. आधी कोकरू उडी मारून बाहेर आलं. त्याच्यामागून धुळीनं माखलेली पोवळी आली आणि आईच्या कुशीत शिरली.

"आई, किती वेळ लावलास! मला भूक लागलीय."

झुंबरबाईनं पदराखालून गरम भाकरी काढली. मायलेकींनी तिथेच बसून ती खाल्ली. मग राणी राजवाड्यात गेली आणि तिनं स्वतः चूल पेटवली.

इकडे प्रधानाचं काय चाललं होतं, माहीत आहे? तो पाथरवटाला सांगत होता, "हं, कोर इथे मोठ्या अक्षरात! नव्व्याण्णव! आजपासून आपण नव्व्याण्णवला मानायचं!"

पोवळीनं ते ऐकलं. तिनं राजवाड्याच्या धुराकडे बोट दाखवलं आणि पडलेल्या दातांतून वारा सोडत म्हणाली, "प्रधानकाका, आईची चूल पेटली ना! आता एकशे दोन झाले!"

पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली. आणि तो आकडा काही कोरला गेला नाही.

मग निळंबीत ओढ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे सुखानं राहिले, आणि मोजताना पुन्हा कुणाला वगळलं नाही. घुम्यासुद्धा गाढ झोपला. चला, आता तुम्हीही पांघरूण ओढा आणि डोळे मिटा. तुम्ही जांभया द्यायला लागलात, तर त्यालाही यायची.