न उघडणारं लॉकेट

राणीसाहेबांचं लॉकेट उघडेना! उघडणार कसं? ते घडवणारा शहाणा मीच.

मी केशव पोतदार, दरबारचा सोनार. सरकारांनी फर्मावलं होतं, "लॉकेट करा, आत आमचा फोटो बसवा. राणीसाहेब बहिणीच्या लग्नाला माहेरी निघाल्यात, गळ्यात आमची आठवण राहील." आता आमच्या गावात गळ्यात लोंबेल त्या सगळ्यालाच लॉकेट म्हणतात. मी जन्मभर केले ताईत. ताईतात कागद घालून तो एकदा बंद केला की पुन्हा उघडायचा नसतो, उघडला की त्याचा गुण जातो. तसंच मी फोटो आत घातला, सोन्याच्या कडा चहूबाजूंनी ठोकून पक्क्या केल्या आणि वर ऐटीत सांगितलं, "सरकार, सात पिढ्या उघडणार नाही." स्वतःची पाठ थोपटायला हात पोचत नव्हता, एवढंच.

सरकार लालबुंद झाले. "अहो पोतदार, लॉकेट उघडून बघायचं असतं! उद्या दुपारी राणीसाहेब निघतील. त्याआधी हे उघडून द्या. सोन्यावर ओरखडा नको, फोटोला धक्का नको. नाही जमलं, तर दुकान आवरा आणि संस्थानाबाहेर व्हा."

कडा कापल्याशिवाय ते उघडणं शक्यच नव्हतं. घरी येऊन मी डोकं धरून बसलो. धरायला फारसं काही नव्हतंच.

"उद्या मी येते," बायको म्हणाली. गोदावरी तिचं नाव. "तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा. तेही लॉकेटासारखं पक्कं बंद करा."

सकाळी दरबारात सरकारांनी विचारलं, "काय, उघडतंय का?"

"उघडते की, सरकार," गोदावरी म्हणाली. "एकच विचारते. तो फोटो मीच कातरला. काय भरघोस मिश्या, काय काळेभोर केस! कधीचा हो?"

सरकारांचा हात पागोट्याकडे गेला. "असेल वीसेक वर्षांपूर्वीचा."

"राणीसाहेब लॉकेट रोज उघडून तो फोटो बघतील. बहिणींना दाखवतील, वहिन्यांना दाखवतील. आणि लग्नाच्या दिवशी मागाहून सरकारही जाणार ना?"

"जाणार तर."

"मग मांडवात सगळ्या विचारतील, लॉकेटातले राजे कुठे राहिले? आणि त्यांच्याऐवजी हे कोण वडीलधारे आलेत? बोला सरकार, उघडू?"

सरकारांनी लॉकेट तिच्या हातून जवळजवळ हिसकावलंच.

"खबरदार, हे कुणी उघडायचं नाही!" ते ओरडले आणि मग असे हसत सुटले की पागोटं घरंगळून मांडीवर आलं. सगळ्या दरबाराला टक्कल दिसलं, तसे ते आणखीच हसले.

गोदावरीला पैठणी मिळाली, माझं दुकान वाचलं.

"आणि पोतदारांना काय द्यायचं, सरकार?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"त्यांना गोदावरीबाई मिळाल्यात," सरकार डोळे पुसत म्हणाले, "आणखी काय द्यायचं?"