घट्ट आवळलेला जोड

“पण गॅस जातो कुठं, बाबा?”

उमाकांतनं गाडीच्या बॉनेटमधून मानही वर काढली नाही. हातात पाना. लातूरचं ऊन, अंगणात वर्तमानपत्रावर पसरलेली हत्यारं, आणि कट्ट्यावर आमचे दस्तगीरबाबा. फकीर माणूस. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. आणि हा शेजारी माझा चांगला इंजिनिअर! पण अडलं की बाबांनाच साकडं.

“एसी सकाळी गार, दुपारी गरम. गॅस भरला की निघून जातो. डोकंच चालेनासं झालंय.”

“गॅरेजात ने की.”

“छे! माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात नको.”

उमाकांतनं पाना आणखी एक वेढा फिरवला.

“उद्या मीनलला आणायला उदगीरला जायचंय. या खेपेला नाही पटलं तर कायमची माहेरी राहीन म्हणालीय. काही कमी पडायला नको, बाबा.”

“आधी काय कमी पडलं होतं?”

“काहीच नाही! तेच तर कळत नाही. कुठं गेली, कोणाशी बोलली, जेवली का... तासातासाला फोन करायचो मी. एवढा जीव लावणारा नवरा कुणाला मिळतो?”

बाबांनी मोरीवरचा साबण आणला, तांब्यात फेस केला.

“सायकलचं पंक्चर बघतात, तसं बघ.”

उमाकांतनं नळ्यांना फेस लावला. सगळीकडं शांत. एका जोडापाशी मात्र बुडबुडे फुगायला लागले.

“इथं? अहो, इथं तर मी सगळ्यात जास्त आवळलंय! गळलं की रबराची रिंग बदलायची, अजून आवळायचं...”

बाबांनी वर्तमानपत्रावरची एक जुनी रिंग उचलली. चपटी झालेली, एका बाजूनं चिरलेली. ती त्यांनी उमाकांतच्या तळहातावर ठेवली.

“ही कुणी चिरडली?”

“मीच. पण सुटू नये म्हणूनच ना, बाबा...”

बोलता बोलता तो थांबला. रिंगकडं बघितलं, बाबांकडं बघितलं. चेहरा असा झाला की मला त्याची खरंच दया आली.

“म्हणजे... नवी रिंग हलक्या हातानं बसवू? मग राहील?”

“गाडीतलं मला काय कळतंय, लेका?”

बाबांनी झोळी खांद्याला लावली. फाटकापाशी जाऊन वळले.

“उद्या उदगीरला जाताना पाना घरी ठेव.”