खरकटं जातं कुठे?

एकदा एका भांडी विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या घरी भांडी घासण्यावरून असं रामायण घडलं, की त्याच्या वृद्ध मातोश्रींनी ट्रंक भरली. ज्याच्या दुकानात तांब्या-पितळेच्या हंड्या-कळश्या छतापर्यंत रचलेल्या, त्याच्याच घरी खरकट्या ताटल्यांवरून महाभारत! रामायणाचं महाभारत व्हायला आपल्या घरात वेळ लागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.

व्यापाऱ्याचं नाव पोपटशेठ. गावाबाहेर टेकडीखाली अण्णाबुवांचा छोटासा आश्रम होता, तिथे एका बुधवारी सकाळी ते धापा टाकत आले. अण्णाबुवा तुळशीला पाणी घालत होते. त्यांचा शिष्य अच्युत ओट्यावर बसून बुवांच्या प्रवचनाचं चित्रण लोकांच्या मोबाइलवर पाठवत होता. अच्युत होता अभियंता. नोकरी सोडून ज्ञान मिळवायला आला होता. पण आश्रमातला ध्वनिक्षेपक, पडदा, संगणक त्याच्याच हाती असल्यामुळे, ज्ञान आपल्याजवळ आधीपासून बरंच आहे असं त्याला मनातून वाटत असे.

"बुवा, माझी आई घर सोडून चालली!" पोपटशेठ म्हणाले. "परवा सकाळच्या एसटीने. पारोळ्याला, मामाकडे. मामा स्वतः ऐंशीचे, त्यांना कुणी बघायला नाही. तिथे ही जाऊन करणार काय? काहीतरी करा, पण तिला थांबवा."

हकिगत अशी होती. वर्षभरापूर्वी पोपटशेठांच्या पत्नीने, मृणालने, हौसेने भांडी घासायचं यंत्र आणलं. शेठांच्या मातोश्रींना सगळे जिजी म्हणत. जिजींनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, पाच तांदूळ टाकले, आणि त्या दिवसापासून प्रत्येक भांडं आधी स्वतः घासून, विसळून, पुसून मगच यंत्रात ठेवायला सुरुवात केली. "परक्याच्या पुढ्यात खरकटं टाकायचं नाही," असं त्यांचं म्हणणं. भांडीवाली बाई यायची तेव्हाही त्या तिच्याआधी अर्धी भांडी घासून ठेवत.

मृणालने अकरा महिने सोसलं. मग एक दिवस म्हणाली, "जिजी, धुतलेलीच भांडी धुवायची तर हे मशीन काय मी पूजेला आणलंय? आजपासून तुम्ही भांड्यांना हात लावायचा नाही." जिजींनी हात लावणं सोडलं. आणि महिन्याच्या आत यंत्र बिघडलं! ताटांना वास यायला लागला, पेल्यांच्या तळाशी कण दिसायला लागले. मृणाल वैतागली आणि वैतागात नको ते बोलून गेली. "जिजी, खरं सांगा, तुम्ही मुद्दाम काही घातलंत का ह्यात?"

झालं. सत्तावन्न वर्षं ज्या घरात राबल्या, त्या घरात चोरीछुपे नासधूस केल्याचा आळ आला. जिजींनी माळ्यावरची ट्रंक तेवढी खाली काढायला सांगितली.

बुवांनी सगळं ऐकलं. तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि म्हणाले, "अच्युता, हे तुझं क्षेत्र. तू जाऊन ये."

अच्युत तडक गेला. त्याने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. एकदा नव्हे, तीनदा. मोबाइलवर त्याची माहितीपुस्तिका उघडून बटणांचा अख्खा अध्याय वाचला. ताटं तशीच वास मारत होती. मग, यंत्र नाही तर निदान माणूस तरी दुरुस्त करावा, या सद्हेतूने तो जिजींपाशी जाऊन बसला.

"जिजी," तो प्रवचनाच्या सुरात म्हणाला, "परिवर्तन हा सृष्टीचा नियम आहे. माणसाने काळानुसार बदलायला हवं."

जिजी ट्रंकेत लुगडी रचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "बाळा, मी चुलीवरून स्टोव्हवर आले. स्टोव्हवरून गॅसवर आले. आता ती काळी काच आलीय, पेटत नाही पण तापते, तिच्यावरही भाकरी भाजते. तू जन्मलास तेव्हा घरात गॅस होता, अजूनही गॅसच आहे. आपल्या दोघांत बदललं कोण रे?"

अच्युत प्रवचनातलं पुढचं वाक्य आठवू लागला. जिजींनी मात्र पितळेचा मसाल्याचा डबाही ट्रंकेत टाकला आणि शुक्रवारची एसटी गुरुवारवर आणली. इतकी प्रगती करून शिष्य परतला.

"छान," अण्णाबुवा म्हणाले. "म्हणजे आपल्याला उद्याच जेवायला जायला हवं."

गुरुवारी दुपारी दोघे पोपटशेठांकडे पोचले. दारातच ट्रंक, ट्रंकेवर जिजी. गाडी अडीचची, रिक्षा दोनला येणार होती. आत पानं मांडलेली. मृणालचे डोळे रडून लाल, पण तोंड घट्ट मिटलेलं. पोपटशेठ एकदा दाराकडे बघत, एकदा स्वयंपाकघराकडे.

बुवा मात्र चवीने जेवले. आणि जेवण होत आलं तेव्हा म्हणाले, "मृणालताई, भात वाढा. हं, आणखी. आणि वर आमटी." ताटात डोंगर झाला. त्याला बोटही न लावता बुवा उठले, ताट घेऊन बेसिनपाशी गेले, आणि तो सबंध भात आमटीसकट बेसिनमध्ये ओतून वरून नळ सोडला!

अच्युतच्या हातातला घास हातातच राहिला. ताटात शीत राहिलं म्हणून याच बुवांनी त्याला एकदा दिवसभर मौन पाळायला लावलं होतं. बुवांचं वय झालं, त्याच्या मनात आलं. मृणालने तोंडावर हात घेतला. पाणी तुंबलं, चढलं, काठाला टेकलं. बुवा शांतपणे बघत उभे.

"अहो बुवा!" दारातून गर्जना झाली. "एवढे जाणते म्हणवता, आणि अन्न मोरीत ओतता? सरा बाजूला!"

जिजी आल्या, पदर खोचला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, तळाची जाळी उपसून काढली आणि कचऱ्याच्या डब्यावर फाडकन आपटली. पाणी गुडगुडत निघून गेलं. "पाणी तुंबलं की आधी जाळी बघावी," त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "नशिबाला बोल मग लावावा. लहान पोराला कळतं हे."

"खरं आहे बाई," बुवा नम्रपणे म्हणाले. "आणि त्या पेटीची जाळी कोण बघतं?"

सगळ्यांनी यंत्राकडे बघितलं.

"तिला कशाला जाळी?" मृणाल म्हणाली. "तिचं सगळं आपोआप होतं."

"संपूर्ण स्वयंचलित आहे," अच्युतने दुजोरा दिला.

जिजी ओले हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. "आपोआप म्हणजे काय रे? भांडं घासलं म्हणजे खरकटं निघालं. निघालं म्हणजे कुठंतरी गेलं. हवेत तर उडालं नसेल ना?"

असं म्हणून त्या खाली बसल्या. यंत्राचं दार उघडलं, खालचा कप्पा ओढून बाहेर ठेवला, आत डोकं घातलं. तळाला हात फिरवला. काहीतरी गोल हाताला लागलं, ते डबीच्या झाकणासारखं फिरवलं आणि वर खेचलं. हातात आली जाळी. तिच्यात महिनाभराचा संसार होता. भात, मोहरी, कढीपत्ता, लिंबाच्या बिया, कोथिंबिरीच्या काड्या, आणि या सगळ्यावर चिकटलेलं, पोपटशेठांच्याच दुकानाचं एक लेबल.

वास असा सुटला, की पोपटशेठ खिडकी उघडायला धावले. अच्युतने मोबाइलवर माहितीपुस्तिका पुन्हा उघडली. चौदाव्या पानावर जाळीचं चित्रच होतं. पण त्या अध्यायाचं नाव 'निगा' होतं, आणि काल तो अध्याय त्याने वगळला होता.

मृणाल जिजींच्या शेजारी जमिनीवर बसली. "जिजी, चुकलं माझं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तुमच्याबद्दल असं तोंडातून काढायला नको होतं मी. तुम्ही काही केलं नव्हतं. तुम्ही करायचं बंद केलंत म्हणून हे झालं."

जिजींचेही डोळे भरले, पण त्या काही एवढ्यावर विरघळणाऱ्यातल्या नव्हत्या. "चुकलं तर चुकलं," त्या नाक ओढत म्हणाल्या. "रडतेस काय? जुना दात घासायचा ब्रश आण आधी. ह्याची भोकं बारीक आहेत."

अण्णाबुवा तिथेच एका पाटावर टेकले.

"शेठ," ते म्हणाले, "सून सासूच्या हातून काम काढून घेते ते प्रेमाने, तिला विश्रांती मिळावी म्हणून. पण कामाच्या पोटात काळजी असते. काम काढून घेताना आपण ती काळजीही फेकून देतो आणि म्हणतो, यंत्र बघून घेईल. यंत्र कष्ट उपसतं हो, काळजी करत नाही. ती घरातल्या कुणालातरी करावीच लागते. अकरा महिने हे यंत्र नीट चाललं, ते या बाईंच्या हातामुळे. तो हात तुम्ही थांबवलात, आणि वर त्याच्यावरच आळ घेतलात."

मग ते जिजींकडे वळले. "आणि बाई, तुमचंही थोडं चुकलंच. धुतलेलं पुन्हा धुवायला द्यायचं म्हणजे त्या यंत्राला नुसतं पाहुणा करून बसवलंत. घरचं माणूस असतं, त्याच्यापुढे खरकटं ठेवायला लाजू नये. खरकटं निपटून टाका, ताटं त्याच्या हवाली करा, आणि त्याची जाळी तेवढी रोज बघा."

जिजी ब्रशने जाळी घासत राहिल्या. घासता घासता मृणालला म्हणाल्या, "बघ, अशी धरायची. उजेडासमोर धरून बघायची. आरपार दिसलं की झाली."

तेवढ्यात बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला. दोन वाजले होते. पोपटशेठांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

"अरे पोपट, कान फुटले का तुझे?" जिजी मान वर न करता म्हणाल्या. "सांग त्याला, आज यायला जमायचं नाही. जाळी घासायची आहे." मग जाळी उजेडासमोर धरून त्यांनी एक डोळा मिटला. "आणि उद्याही घासायची आहे, म्हणावं."

पोपटशेठ ट्रंकेला अडखळत, हसत, डोळे पुसत बाहेर पळाले.

संध्याकाळी गुरु-शिष्य आश्रमाकडे चालत निघाले. फाटकाशी आल्यावर अच्युतने विचारलं, "बुवा, मी येऊन तीन वर्षं झाली. आपली मोरी एकदाही तुंबली नाही."

"नाही तुंबली."

"तिला जाळी आहे?"

"आहे ना."

"ती कोण साफ करतं?"

अण्णाबुवांनी फाटकाची कडी लावली. "तू प्रवचन पाठवण्यात गुंतलेला असतोस ना, तेव्हा मी मोकळाच असतो," ते म्हणाले आणि हात-पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा राख आणि काथ्या घेऊन मोरीपाशी आले, तर जाळी लखलखीत घासून जागच्या जागी ठेवलेली. फक्त उलटी बसवलेली होती. बुवांनी इकडेतिकडे बघितलं, हळूच ती सुलटी केली, आणि अच्युतला त्याबद्दल कधीही काही सांगितलं नाही.