कारभाऱ्याचा गूळ

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवर पूल बांधायची रीत अजून नवी होती तेव्हा, एका राज्यात एक कारभारी होता. लहानांनो, नीट ऐका. आणि थोरांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

माणूस कामाचा होता. राजवाड्यातलं लग्न असो की जत्रेचा भंडारा, काम त्याच्याकडे दिलं की राजा निर्धास्त असे. कोणाला काय जमतं हे त्याला ठाऊक असायचं. सामान वेळेआधी हजर असायचं, आणि पंगतीतला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय हा पानावर बसायचा नाही. अशा माणसाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण गोष्ट त्याच्या चुकीची आहे, तेव्हा सांगायला तर हवीच.

त्याची एकुलती एक बहीण नदीपलीकडच्या गावात दिली होती. पावसाळा लागला की नदी दुथडी भरून वाहायची आणि ते गाव तुटायचं. नागपंचमीला साऱ्या लेकी माहेरी येऊन झोके घ्यायच्या, आणि ही बिचारी पलीकडच्या काठावरून लांबूनच हात हलवायची. म्हणून राजानं पूल बांधायचं ठरवलं, तेव्हा कारभारी आपणहून पुढं आला. बहिणीला त्यानं निरोप धाडला, "यंदाच्या पंचमीला तू पुलावरून चालत माहेरी येशील."

सुतारांचा म्होरक्या त्याचाच बालमित्र होता. दोघं याच नदीत पोहायला शिकले होते.

कामावर कारभाऱ्यानं एक नवी रीत घातली. आपल्या मांडवाबाहेर त्यानं घंटा टांगली. ज्या टोळीचं काम पुरं होईल तिच्या म्होरक्यानं ती वाजवायची. मग कारभारी स्वतःच्या हातानं त्या टोळीला गूळ वाटायचा आणि बाकीचे आरोळ्या ठोकायचे. गवंडी काय, लोहार काय, सगळ्यांना हुरूप चढला. रीत वाईट होती असं कोण म्हणेल?

मात्र कोणी अडचण घेऊन आला की कारभाऱ्याचा चेहरा उतरायचा. रागवायचा नाही हो तो! नुसतं म्हणायचा, "रडगाणं नको रे बाबा. झालं की ये." हळूहळू लोक शहाणे झाले. दगडाला चीर गेली तरी सांगेनात, दोर अपुरा पडला तरी सांगेनात. आपापसात कसंबसं निभावून न्यायला लागले. कारभाऱ्याला वाटायचं, काम कसं बिनबोभाट चाललंय!

एका संध्याकाळी सुतार आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते.

"मधल्या खांबाचं जरा बोलायचं होतं."

"झाला का उभा?"

"उभा केलाय. पण डोहात खाली..."

"पण बिण काही नको, गड्या. पाऊस तोंडावर आलाय. इतक्यांदा घंटा वाजली, पण तुझ्या टोळीला अजून गुळाचा खडा मिळाला नाही. लोक हसायला लागलेत. झालं की घंटा वाजव, मग निवांत बोलू."

डोहाच्या तळाशी खडक लागत नाहीये, खांब नुसत्या वाळूत उभा आहे, अजून खणायला हवं, एवढंच सुताराला सांगायचं होतं. तो मागे फिरला. तिकडे टोळीतली माणसं तोंड पाडून बसली होती. "आम्हालाच तेवढा गूळ नाही का?" असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं घंटा वाजवली. चुकलाच तो, मी काही त्याला पाठीशी घालणार नाही. कारभाऱ्यानं त्याला मिठी मारली आणि गुळाचा सर्वांत मोठा खडा त्याच्या हातावर ठेवला. सुतारानं तो खाल्ला नाही.

पाऊस लागायच्या आतच पूल उभा राहिला. राजानं कारभाऱ्याला शेला दिला. सुतार मात्र रोज पुलावर जायचा आणि मधल्या खांबाला हात लावून बघायचा. आता बोलावं तरी कसं? घंटा तर त्यानंच वाजवली होती.

पंचमी आली. नदी फुगली होती. पलीकडून हिरव्या बांगड्या भरलेल्या लेकीसुना पुलावर चढल्या, आणि सगळ्यांच्या पुढं कारभाऱ्याची बहीण होती. तिला बघून अलीकडच्या काठावर कारभाऱ्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मधल्या खांबापाशी उभ्या असलेल्या सुताराला हाताखाली खांब हलल्यासारखा वाटला. तो धावत सुटला आणि दोन्ही हात पसरून त्यानं बायकांना अडवलं. त्यांना मागं ढकलू लागला.

"अरे, येऊ दे त्यांना! माझी बहीण आहे ती!" कारभारी संतापून ओरडला.

सुतारानं वळून त्याच्याकडे बघितलं आणि काठावरच्या साऱ्यांना काहीतरी ओरडून सांगितलं. पाण्याच्या आवाजात एक शब्द इकडे पोचला नाही.

"काय म्हणतोस?" कारभारी पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आज त्याला मित्राचं ऐकायचं होतं, आणि ऐकू येत नव्हतं.

बायका मागं फिरल्या. शेवटची काठाला लागली, सुतार अजून पुलावरच होता, तोच मधला खांब कलला आणि त्याच्याबरोबर पूल गेला. पट्टीचा पोहणारा होता सुतार, पण त्या पाण्यापुढं कोणाचं काय चालणार?

दसऱ्याला नदी उतरली, तेव्हा बहीण वाळवंट तुडवत भावाकडे आली. कारभारी वाळून अर्धा झाला होता.

"तो काय ओरडत होता?" त्यानं विचारलं. "तू जवळ होतीस."

"दादा, नको विचारूस."

"सांग."

"सुतारदादा म्हणाले, 'खांब खडकाला टेकलेला नाही. घंटा मी खोटी वाजवली. माझ्या दोस्ताला कोणी बोल लावू नका.'"

कारभारी ओक्साबोक्शी रडला. मग उठून तो राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, माझा मित्र मला सांगायला आला होता. मी ऐकून घेतलं नाही."

पुढच्या उन्हाळ्यात पूल पुन्हा बांधला. बांधला त्याच कारभाऱ्यानं. या खेपेला डोह उपसून खडकापर्यंत खणलं. घंटा काही टांगली नाही. रोज संध्याकाळी कारभारी टोळ्या-टोळ्यांतून हिंडायचा, "आज काय अडलं?" असं विचारायचा, आणि अडचण सांगेल त्याच्या हातावर पहिला गूळ ठेवायचा. तो पूल पुष्कळ पावसाळे टिकला. दर पंचमीला बहीण त्यावरून माहेरी यायची, भाऊ तिला आणायला जायचा, आणि मधल्या खांबापाशी आलं की दोघंही बोलायचे थांबायचे. कारभारी तिथं गुळाचा एक खडा ठेवायचा. पण तो घ्यायला आता कोण येणार होतं?

म्हणून सांगतो, ज्याच्या हाती दहा जणांचं काम असतं, त्यानं "झालं" ऐकायच्या आधी "अडलं" ऐकायला शिकावं.