सपाट म्हणजे किती?

एकदा एक वृद्ध शिक्षक आपल्या जुन्या विद्यार्थ्यासोबत विमानाने कॅनडाला निघाले. शिक्षकांचे नाव भार्गव खातू, वय अठ्ठ्याहत्तर. कोकणातल्या डोंगरकुशीतल्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षे भूगोल शिकवला होता, पण समुद्र ओलांडण्याचा योग कधी आला नव्हता. विद्यार्थी उदय मांडवकर आता स्वतः रत्नागिरीत भूगोलाचा नामांकित शिक्षक होता. वर्गात तो कोणत्याही प्रश्नावर अडत नसे आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. ज्यांनी नकाशा वाचायला शिकवले त्यांना तो विशाल देश एकदा प्रत्यक्ष दाखवावा, या भावनेने त्याने गुरुजींना सोबत घेतले होते.

प्रवास सुखाचा चालला होता. नायगाऱ्याचे तुषार अंगावर घेऊन झाले, मोठमोठी सरोवरे विमानातून पाहून झाली आणि सहलीतली मंडळी कॅल्गरी शहरात पोहोचली. दुसऱ्या दिवशी सगळे रॉकी पर्वतातल्या हिमनदीवर जाणार होते. हिमनदी शिकवताना उदयने वीस वर्षे फळ्यावर खडू झिजवला होता. तिच्यावर एकदा पाऊल ठेवायचे, यासाठीच त्याने ही सहल निवडली होती.

सकाळी नाश्त्याच्या वेळी गुरुजींनी शांतपणे सांगितले की त्यांना हिमनदी पाहायची नाही, प्रेअरीचा मैदानी प्रदेश पाहायचा आहे. सहलीच्या व्यवस्थापकाने त्यांना परोपरीने समजावले. तिकडे गव्हाच्या शेतांखेरीज काही नाही, प्रवासी तिथे उतरत नाहीत, असे तो म्हणाला. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि उदयला हिमनदीवर खुशाल जायला सांगितले. आपण एकटे टॅक्सीने जाऊन येऊ, असे ते म्हणाले. परक्या मुलखात गुरुजींना एकटे सोडणे उदयला शक्य नव्हते. बस पर्वताकडे गेली आणि तो मुकाट्याने त्यांच्याबरोबर उलट दिशेने निघाला.

तासाभराने गुरुजींनी टॅक्सी थांबवायला सांगितली. एक कच्चा रस्ता सरळ रेषेत पूर्वेकडे गेला होता. दोन्ही बाजूंना कमरेएवढा पिवळा गहू, वर आकाश, बाकी काही नाही. गुरुजी खाली उतरले, जागच्या जागी सावकाश एक फेरी फिरले आणि मग उदयला म्हणाले, "या रस्त्यानं नीट चालत जा. घड्याळात अर्धा तास होईपर्यंत मागं वळू नकोस. मी इथं उभा राहतो."

का, असे उदयच्या ओठांवर आले होते, पण गुरुजींना कारण विचारण्याची सवय त्याला नव्हती. तो चालू लागला. मनात राग होता. सोबतची मंडळी थोड्या वेळात बर्फावर पोहोचतील, फोटो काढतील, आणि आपण गव्हातून चालतो आहोत. अर्धा तास झाल्यावर तो वळला. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक काळा ठिपका दिसत होता. तो ठिपका हलला. गुरुजींनी हात वर केला होता.

थोड्या वेळाने टॅक्सी गुरुजींना घेऊन त्याच्यापाशी आली. गुरुजींचे डोळे ओलावले होते. रस्त्याच्या कडेला उभे राहूनच ते बोलले.

"तू सातवीत होतास. मी सांगत होतो, प्रेअरी सपाट आहे. तेव्हा रघुनाथ गोताड उभा राहिला. म्हणाला, गुरुजी, सपाट म्हणजे किती? तिथनं कोण चालत गेला तर किती वेळ दिसत राहतो? आठवतं?"

उदयला आठवले. वर्ग हसला होता, तोही हसला होता. गुरुजींनी रघुनाथला दोन छड्या मारून बाहेर उभे केले होते.

"मला वाटलं, पोरगा टवाळी करतोय. खरं म्हणजे मला उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही एवढं म्हणायला जीभ उचलली नाही, म्हणून हात उचलला. मागाहून कळलं, त्याच आठवड्यात त्याचे वडील बोटीवर नोकरीला गेले होते. आपल्याकडं निघालेला माणूस पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना पहिल्याच वळणाआड दिसेनासा होतो. पोराला वडील तेवढेच दिसले, आणि ते पुढं परतलेच नाहीत. रघुनाथनं त्यानंतर माझ्या वर्गात कधी हात वर केला नाही. उदय, न ठाऊक असणं हा शिक्षकाचा दोष नाही. ते झाकण्यासाठी तो दुसऱ्याचं कुतूहल मारतो, हा दोष आहे."

परतल्यावर आठवडाभरात दोघे रघुनाथच्या घरी गेले. तो सुतारकाम करत असे. गुरुजींना दारात पाहून तो रंधा ठेवून उठला, त्याने खुर्ची पुसून दिली. गुरुजी बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी त्याला त्या छड्यांची आठवण करून दिली, क्षमा मागितली आणि सांगितले, "अर्धा तास झाला तरी दिसतो, रघुनाथ. मी स्वतः पाहिलं. आणि जाणाऱ्यानं मागं वळून पाहिलं, तर त्यालाही आपण दिसतो."

रघुनाथने अंगणापलीकडच्या पाखाडीकडे पाहिले. मग त्याने विचारले, "आणि गुरुजी, तिथं वाऱ्याचा आवाज कसा येतो? त्याला अडवायला तर काहीच नाही."

गुरुजी हसले. "माझे कान आता तितके तल्लख राहिले नाहीत रे. चालला होता हा. ह्याला विचार."

रघुनाथने उदयकडे पाहिले. विस्तीर्ण मैदानांवरून वाहणाऱ्या वाऱ्यांविषयी उदय पाऊण तास बोलू शकला असता. तशी वाक्ये त्याच्या जिभेवर येऊनही गेली. तो थांबला.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी त्या वाऱ्यातून अर्धा तास चाललो, पण माझं सगळं लक्ष हिमनदीकडं होतं."

रघुनाथने मान डोलावली आणि त्याच्यासाठी दुसरी खुर्ची पुसली.