मधलं ठिगळ

"पण कंथा कुणाला देणार, बाबा?"

भिक्षेची झोळी फाटली होती, ती शिवायला बोधनाथबाबा धुनीजवळ बसले होते. सुईत दोरा काही ओवला जात नव्हता.

त्यांच्या शिष्याने, केवलनाथाने, सुई घेतली, झटक्यात दोरा ओवून दिला आणि पुन्हा विचारलं, "म्हणजे, तुमच्या माघारी..."

"माघारी मला थंडी वाजायची नाही," बाबा म्हणाले आणि टाके घालू लागले.

कंथा म्हणजे अंगावर पांघरायची ठिगळांची वाकळ. बाबांना ती गुरूंकडून मिळाली होती, गुरूंना त्यांच्या गुरूंकडून. जो ती पांघरेल तो मठाचा धनी. केवलनाथाने घर सोडलं, मळा सोडला, जेवणातलं मीठसुद्धा सोडलं. या वाकळीवरचा डोळा तेवढा सुटत नव्हता.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून राहिली होती. दीक्षा घेतलेल्याने पहिली भिक्षा आईच्या दारात मागायची, हा मठाचा रिवाज. केवलनाथ गेलाच नव्हता. गेलो तर जीव अडकेल, म्हणाला होता. मोहाच्या उंबऱ्याला पायही लावला नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगायचा. बाबा ऐकायचे आणि धुनीत लाकूड सरकवायचे.

तेवढ्यात गावातली कौतिका टेकडी चढून आली. दिवस भरत आले होते. पायरीवर बसून तिने दम खाल्ला.

"बाबा, चिंधी मागायला आले."

तिचे आधीचे दोन पाळणे रिकामे झाले होते. अशा बाईने बाळाला नवं कापड घ्यायचं नाही. दारोदार चिंध्या मागायच्या आणि त्यांच्या गोधडीत बाळ निजवायचं. मागून आणलेल्या चिंध्यांतलं लेकरू काळाच्या नजरेत भरत नाही, असं तिकडे मानतात. गोधडी घरात शिवायचीही नाही. म्हणून तिने ओटीतल्या चिंध्या धुनीजवळच मांडल्या. कुंभारणीचं लुगडं, गुरवाचं उपरणं, कुणाचा तरी सदरा. पाळण्यापुरती हातभर गोधडी, आणि मधला चौकोन मोकळा.

"मधलं तुमचं ठेवलंय," ती म्हणाली.

मग बराच वेळ नुसती चिंध्या सारख्या करत राहिली.

"दूध येतं, बाबा... प्यायला कुणी नसतं."

बाबांनी झोळी बाजूला ठेवली. अंगावरची कंथा उतरवली आणि केवलनाथापुढे टाकली.

"एक ठिगळ उसवून दे तिला."

केवलनाथाचा चेहरा उतरला. "बाबा, ही गुरूंची कंथा आहे. त्यांच्या गुरूंची."

"म्हणून तर मऊ झालीय."

"चिंधीच हवी तर माझा पंचा फाडून देतो."

"तिने माझ्याकडे मागितलीय."

केवलनाथाने नाइलाजाने खांद्यावरचं एक ठिगळ उसवलं. भगवं, जाड, अलीकडेच लावलेलं. कौतिकाने ते आधी कपाळाला लावलं, मग गालाला.

"काय म्हणतो गाल?" बाबांनी विचारलं.

"देवाचं हाय... चालंल की."

"गाल काय म्हणतो?"

"टोचतंय जरा," ती ओशाळून म्हणाली.

"छातीपाशी बघ," बाबा केवलनाथाला म्हणाले. "आतलं."

छातीवरचं ठिगळ इतकं झिजलं होतं की उसवताना हातातच विरलं. त्याच्याखाली जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, धुऊन धुऊन पांढुरका झालेला. चुलीची ठिणगी पडून मधे एक भोक जळालं होतं. ते कुणीतरी लाल दोऱ्याने भरून काढलं होतं.

केवलनाथाचा हात थांबला.

त्या लाल टाक्यांवर बोट फिरवत तो लहानपणी झोपी जायचा. बोट आताही आपोआप तिथेच गेलं.

"हे... इथे कसं?"

"तू आलास त्या हिवाळ्यात एक बाई आली होती," बाबा म्हणाले. "त्याला रात्रीची थंडी सोसत नाही, हे पांघरायला द्या म्हणाली. मी म्हटलं, त्याने घरचं सगळं सोडलंय."

"मग?"

"मग बसली थोडा वेळ. म्हणाली, तुम्ही तरी पांघरा. त्याच्या जवळपास राहील. त्यातला हा तुकडा मी छातीशी शिवून घेतला."

"मला भेटली नाही..."

"तू जपाला बसला होतास. तुझी पाठ बघून गेली."

"आता..."

"जत्रेला येते. खालच्या पायरीवर बसते. वर येत नाही. यंदाही आली होती."

केवलनाथाला रडू फुटलं. त्याने तो तुकडा नाकाशी नेला. धुनीच्या राखेखेरीज त्याला कसलाच वास नव्हता.

"बाबा, तिला दुसरं काहीही द्या. सगळी कंथा द्या. हे नको."

ज्या कंथेसाठी झुरला, ती आता तो देऊन टाकायला निघाला होता. एरवी बाबा हसले असते. आज हसले नाहीत.

"ऱ्हाऊ द्या महाराज," कौतिका घाईने म्हणाली. "आईचं हाय त्ये. मी भगवंच लावते."

तिने भगवं ठिगळ मधल्या चौकोनावर ठेवलं. मग तळव्याने ते घासू लागली. घासायची, गालाला लावून बघायची, पुन्हा घासायची.

केवलनाथ ते पाहत राहिला...

"गाल कुठे येईल त्याचा?" शेवटी त्याने विचारलं.

"हितं."

त्याने भगवं उचलून कडेला सरकवलं. मधे हिरवा तुकडा ठेवला, जरा फिरवला, लाल टाके उजव्या बाजूला येतील असा.

"इथे बोट पोचेल," तो म्हणाला.

कौतिकाने सुईसाठी हात पुढे केला. त्याने सुई दिली नाही. स्वतःच धावदोरा घालत बसला. टाके वाकडेतिकडे पडत होते. एका जागी तर तिने न बोलता उसवून पुन्हा घालायला लावले.

उन्हं कलली तेव्हा ती गोधडी पोटाशी धरून, एकेक पायरी जपत खाली उतरली.

बाबा उघड्या अंगाने धुनीला खेटून बसले होते. केवलनाथ त्यांना कंथा पांघरायला गेला. त्यांनी ती त्याच्याच खांद्यावर टाकली.

छातीपाशी भोक पडलं होतं. वारा तिथून थेट आत शिरत होता.

केवलनाथाने भोकावर हात धरला. "बाबा, इथे आता ठिगळ कुठून आणू?"

बाबांनी शिवलेली झोळी उचलून त्याच्या हातात दिली.

"पहिली भिक्षा राहिलीय तुझी."